दोन्ही हात पत्र्याला

अण्णांनी मला आयुष्यात एकही गोष्ट बोटानं दाखवली नाही. त्यामागं काही तत्त्व वगैरे नव्हतं. त्यांचे दोन्ही हात पत्र्याला असायचे.

पत्रा म्हणजे लाकडी चौकटीवर ठोकलेला चकचकीत पत्रा. अजिंठ्याच्या लेण्यांत आत काळोख. विजेचे दिवे आले होते, पण वीज कधी असेल नि कधी जाईल याचा भरवसा नव्हता. ती गेली, की अण्णा लेण्याच्या तोंडाशी उन्हात जाऊन उभे राहत, पत्र्यावर ऊन झेलत आणि ते आतल्या भिंतीवर फेकत. पत्रा जड, त्यात वारा. एक हात सोडला की उजेड भिंतीवरून घसरून थेट छताला. त्यामुळे पाहुण्यांना जे दाखवायचं ते तोंडानं. "हत्ती दिसला? आता त्याच्या पायापाशी या. तिथं कोण बसलंय? तो कुणाकडं बघतोय? त्याच्या नजरंनं जा." पाहुणे त्यांच्या बोलण्यामागं नजर घेऊन चालत आणि अण्णा त्यांच्या नजरेमागं उजेड घेऊन.

माझे वडील एसटीत कंडक्टर, औरंगाबाद–जळगाव गाडीवर. (शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे, पण वडिलांच्या गाडीच्या पाटीवर औरंगाबाद होतं, म्हणून त्या काळातलं सांगताना तेच तोंडात येतं.) त्यांची नि अण्णांची ओळख एका हरवलेल्या पिशवीवरून झाली. सिल्लोडच्या बाजाराचा दिवस, गाडीत मुंगी शिरायला जागा नाही, आणि वडिलांची रोकड ठेवलेली चामडी पिशवी खांद्यावरून नाहीशी. पट्टा तुटला होता. सगळी गाडी वाकून सीटांखाली बघायला लागली. फर्दापूरला घरी निघालेले अण्णा मात्र वाकले नाहीत. त्यांनी वडिलांना विचारलं, "शेवटचं तिकीट कुणाला फाडलं?" मागच्या दारापाशी बसलेल्या एका म्हातारीला. पिशवी तिच्या मेथीच्या पाटीत पडली होती. म्हातारीलाही पत्ता नव्हता. आतली रक्कम वडिलांच्या महिन्याच्या पगाराच्या आसपास होती, आणि ती भरून द्यावी लागली असती तर त्या वर्षी माझ्या शाळेचं काय झालं असतं, ते आई पुढं कितीतरी वर्षं सांगायची.

मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. पुढच्या सुट्टीपासून वडील मला सकाळच्या गाडीनं सोबत नेऊ लागले. हर्सूल, फुलंब्री, सिल्लोड, गोळेगाव, अजिंठा गाव, मग घाट. घाट उतरून लेण्यांच्या फाट्याला मला अण्णांच्या हवाली करायचं आणि जळगावहून परतताना उचलायचं. पोरगं घरात धिंगाणा घालण्यापेक्षा लेण्यांत बसलेलं बरं, एवढाच हिशोब. त्यात संस्कार, कला असलं काही कुणाच्या मनात नव्हतं.

पहिल्या दिवशी मला फक्त उजेडाचा तुकडा आठवतो. एवढी मोठी भिंत, सगळी काळी, आणि तिच्यावर टोपलीएवढा एक उजळ डाग इकडून तिकडं उडी मारतोय. डाग जिथं थांबे तिथं एक चेहरा, एक कमळ, एक माकड एकदम जिवंत होई. सरकला की परत काळोख. दुपारपर्यंत माझ्या डोक्यात अख्खी भिंत तयार झाली होती, पण ती एकावेळी मी कधीच पाहिली नव्हती.

हे सांगायला मी थांबलो, कारण पुढं वैद्यकीय शिक्षणात डोळ्याची रचना शिकलो तेव्हा वर्गात मला एकट्यालाच हसू आलं. आपल्याला वाटतं, समोरचं सगळं आपल्याला स्पष्ट दिसतं. तसं नसतं. डोळ्यातल्या पडद्याच्या मधोमध एक इवलासा खळगा आहे. हात लांब करून अंगठा धरला तर नखाएवढा भाग तेवढा त्या खळग्याला नीट दिसतो, बाकीचं सगळं धूसर. म्हणून डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारतो. मध्ये क्षणभर थांबतो, तेवढ्यात काय ते टिपतो, पुन्हा उडी. उडी चालू असताना आपण जवळजवळ आंधळे असतो. खोटं वाटत असेल तर आरशासमोर उभे राहा आणि आपल्याच एका डोळ्यावरून दुसऱ्या डोळ्यावर नजर न्या. डोळे हललेले तुम्हाला दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला दिसतील. आपण सगळेच आपापला पत्रा घेऊन काळोख्या लेण्यात उभे आहोत आणि मेंदू आपल्याला सांगतो, की आत ट्यूबलाइट लावलेली आहे.

आता हरणं.

पहिल्या लेण्यात लोक पद्मपाणी बघायला जातात. गाभाऱ्याच्या दाराच्या डावीकडं तो हातात निळं कमळ घेऊन उभा, डोळे खाली. अण्णांनी मला आधी त्याच्याकडं नेलंच नाही. मंडपात उभं करून म्हणाले, "या खांबांवर हरणं हायेत. हुडक." आणि निघून गेले. हे चित्र नव्हे, कोरीव काम, खांबाच्या माथ्याशी. मी दहा मिनिटांत शोधली. एक बसलेलं दिसलं, मग दुसरं, मग आणखी दोन. "चार!" असं ओरडत मी बाहेर पळालो, शाबासकी घेतली, त्यांच्या डब्यातली भाकरी खाल्ली आणि संध्याकाळी घरी आलो. आईला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं.

दिवाळीत परत गेलो तेव्हा अण्णांनी एवढंच विचारलं, "चार हरणं. अन् डोकी?"

मी आत पळालो. डोकं एकच होतं. चार धडं, चार दिशांना, आणि मधलं एकच डोकं चौघांचंही. ज्या धडाबरोबर बघाल त्या धडाचं ते होतं. गेल्या खेपेला मी नेमकं तेच डोकं चार वेळा पाहिलं होतं. सहा महिने अण्णांना हे माहीत होतं आणि त्यांनी मला सांगितलं नव्हतं. मला इतका राग आला की मी दुपारी त्यांच्या डब्याला हात लावला नाही.

असे प्रश्न पुढं दर सुट्टीला. दहाव्या लेण्यात, "साहेबानं नाव कुठं कोरलं ते हुडक." साहेब म्हणजे जॉन स्मिथ, मद्रास घोडदळाचा अधिकारी. वाघाच्या शिकारीला आला आणि २८ एप्रिल १८१९ रोजी या लेण्यात शिरला. खांबावरच्या बोधिसत्त्वाच्या अंगावर स्वतःचं नाव नि तारीख खरडून गेला. मी सगळे खांब माझ्या डोळ्यांच्या उंचीला तपासले, मग मोठ्या माणसाच्या उंचीला. सापडेना. नाव त्याच्याही बरंच वर आहे. स्मिथ आला तेव्हा लेण्यात गाळ नि दगडमाती साचली होती. तो त्या ढिगावर उभा होता. जमीन आज जिथं आहे तिथंच तेव्हाही असणार, हे मी न विचारता धरून चाललो होतो. डोळा भिंतीवर शोधतो खरा, पण कुठं शोधायचं ते डोक्यात आधीच ठरलेलं असतं.

आणि सर्वांत अवघड, महाजनक जातकाची भिंत. "राजा किती वेळा आलाय, मोज." अजिंठ्याच्या चित्रकारांनी गोष्टी आपल्या पुस्तकांसारख्या डावीकडून उजवीकडं मांडलेल्या नाहीत. जर्मन अभ्यासक डीटर श्लिंगलॉफ यांनी या भिंतींवरच्या कथा ओळखण्यात आयुष्य घातलं. त्यांच्या लक्षात आलं, की बऱ्याच ठिकाणी प्रसंग घडल्या क्रमानं नसून घडल्या जागेनुसार बसवलेले आहेत. राजवाड्यात जे जे घडलं ते एकत्र, मग ते कधी का घडलेलं असेना. त्यामुळे तोच माणूस हातभर अंतरावर पुन्हा भेटतो. मुकुटावरून, रंगावरून, बसण्यावरून त्याला हुडकत जायचं. अण्णांनी श्लिंगलॉफ वाचलेले नव्हते. त्यांना ते भिंतीनं शिकवलं होतं. "गर्दीत आपला माणूस कसा हुडकतो? तसंच." गंमत म्हणजे राजाच्या मागं लागलो की नाचणारीच्या दागिन्यांकडं माझं लक्ष जात नसे, आणि "आता दागिने बघ" म्हटलं की राजा हरवायचा. भिंत तीच.

हेच मॉस्कोत एका माणसानं यंत्र लावून मोजलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. आल्फ्रेड यार्बुस. त्यानं लोकांच्या बुबुळावर एक छोटी टोपी चिकटवली, तिला इवलासा आरसा, आरशावर प्रकाशाचा झोत, आणि डोळा हलेल तसा परावर्तित ठिपका कागदावर रेघ उमटवत जाई. म्हणजे अण्णांचा पत्राच, फक्त डोळ्यावर बसवलेला. समोर इल्या रेपिनचं चित्र: बऱ्याच वर्षांनी हद्दपारीतून परतलेला माणूस अचानक घरात शिरतो आणि घरचे दचकून बघतात. यार्बुसनं एकाच माणसाला तेच चित्र सात वेळा दाखवलं. या लोकांची वयं सांगा म्हटलं, तर रेघ चेहऱ्याचेहऱ्यावरून फिरली. घरची परिस्थिती कशी वाटते विचारलं, तर कपड्यांवर, फर्निचरवर. हा येण्याआधी मंडळी काय करत होती विचारलं, की आणखी तिसरीकडं. पुस्तक १९६५ साली रशियनमध्ये आलं, १९६७ साली इंग्रजीत. त्याच काळात, नाही तर त्याच्याही आधीपासून, फर्दापूरचा एक माणूस एसटीनं येणाऱ्या पाहुण्यांवर हाच प्रयोग रोज करत होता, नोंदी न ठेवता.

मी औरंगाबादच्या सरकारी मेडिकल कॉलेजात, म्हणजे घाटीत, एमबीबीएसला लागलो, तेव्हापासून अण्णांनी मला "डॉक्टर" आणि "तुम्ही" म्हणायला सुरुवात केली. मी भांडलो. वर्षभरानं "तुम्ही" सुटलं, "डॉक्टर" राहिलं. पुढं रेडिओलॉजी घेतली, तेव्हा घरच्यांना वाटलं, पोराला सर्जरी मिळाली नाही म्हणून. खरं कारण डार्करूम होतं. लाल दिव्याच्या अंधारात डेव्हलपरच्या टाकीतून वर काढलेली ओली फिल्म, तिच्यावर हळूहळू उजळणाऱ्या बरगड्या. मी त्या वासाच्या खोलीत पहिल्यांदा शिरलो आणि मला पहिलं लेणं आठवलं. फिल्म नीट धुतली नाही, फिक्सर अंगात राहिला, की काही वर्षांनी पिवळी-तपकिरी पडते. अजिंठ्यातही तेच झालेलं. निजाम सरकारनं १९२० साली इटलीहून चेकोनी आणि ओर्सिनी या दोघा तज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी सुटणारा गिलावा पक्का केला, त्याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत. पण वर लावलेलं लाखेचं वार्निश पुढं पिवळं पडलं आणि ते काढण्यात पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांच्या पिढ्या गेल्या.

छातीचा एक्स-रे वाचणं म्हणजे सुद्धा शोधणंच. नवशिका डॉक्टर फिल्मवर सगळीकडं नजर भिरभिरवतो. मुरलेला डॉक्टर एका नजरेत अख्खी फिल्म घेतो, त्याला कुठंतरी काहीतरी खटकतं आणि डोळा सरळ तिथं जातो. अमेरिकेत हॅरॉल्ड कुंडेल आणि कॅल्व्हिन नोडीन यांनी १९७५ साली डॉक्टरांना छातीचे एक्स-रे सेकंदाचा पाचवा हिस्सा एवढाच वेळ दाखवले. डोळ्याला उडी मारायलाही सवड नाही. तरी बऱ्याच फिल्मा त्यांनी बरोबर ओळखल्या. ही पहिली नजर मोठी देणगी आहे, पण तीच दगा देते. म्हणून आम्हाला शिकवतात, की सगळं बघून झाल्यावर चार लपायच्या जागा मुद्दाम बघा: हंसळीच्या हाडामागं फुप्फुसाची टोकं, हृदयाच्या सावलीमागं, श्वासपटलाच्या खाली, आणि फिल्मच्या कडा.

मला हे पाठ होतं. तरी माझ्याकडून एक चूक झाली. कुठल्या दवाखान्यात ते सांगण्याचं कारण नाही. चूक माझी होती. मोंढ्यातला एक हमाल ट्रकवरून पडला म्हणून आला. छाती दुखतेय. फिल्म लावली, डाव्या बाजूच्या दोन बरगड्या मोडलेल्या. लख्ख दिसत होत्या. मी रिपोर्ट लिहिला, फिल्म उतरवली, पुढची लावली. चार महिन्यांनी तोच माणूस वाळलेला, खोकत परत आला. थुंकीत रक्त. जुनी फिल्म काढून लावली. उजव्या हंसळीमागं, टोकाला, फिकट सावली. तेव्हाही होती. क्षय.

सापडलं, की डोळा शोधणं थांबवतो. याला आमच्या शास्त्रात नाव आहे, त्यावर ढिगानं लेख आहेत. एक गोष्ट हाती लागली की दुसरी निसटण्याची शक्यता वाढते, कारण मनानं आतल्या आत "झालं" म्हटलेलं असतं. मी आठ वर्षांचा असताना "चार!" म्हणून ओरडत बाहेर पळालो होतो. तिशीतही तेच केलं.

तो रविवार मी फर्दापुरात काढला. अण्णा निवृत्त झाले होते, ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते हरणांची आठवण काढतील. त्यांनी विचारलं, "माणूस हाये ना?"

"आहे. औषधं चालू आहेत. बरा होईल."

"त्याला सांगितलंस का, तुझ्याकडून राहिलं म्हणून?"

नव्हतं सांगितलं. अण्णांनी सोललेल्या दाण्यांचं ताट माझ्यापुढं सरकवलं आणि म्हशीचं काही बघायला आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

पुढच्या आठवड्यात मी त्या हमालाच्या घरी गेलो. त्यानं मला बस म्हटलं नाही. दारातच ऐकून घेतलं. चार महिन्यांची हमाली बुडाली, ती कोण देणार, एवढंच विचारलं. मी जे दिलं ते पुरेसं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. बायकोनं घेतलं. त्याच्या दोन्ही पोरांच्या फिल्मा मी स्वतः काढून वाचल्या. स्वच्छ होत्या. प्रत्येक फिल्म उतरवण्याआधी मी तेव्हापासून मनात म्हणतो, "अन् डोकी?" माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलांना हे शब्द ऐकू येतात आणि त्यांना वाटतं, सरांचं वय झालं.

अण्णा २००९ साली गेले. त्यानंतर चार वर्षांनी बोस्टनहून एक प्रयोग प्रसिद्ध झाला आणि तो त्यांना सांगता आला नाही, याची चुटपुट अजून आहे. ट्रॅफ्टन ड्रू आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २४ रेडिओलॉजिस्टना छातीचे सीटी स्कॅन देऊन फुप्फुसातल्या गाठी शोधायला सांगितलं. शेवटच्या स्कॅनमध्ये त्यांनी एक गोरिला घातला होता, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठा. २४ पैकी २० जणांना तो दिसला नाही. डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या होत्या, त्यात आढळलं, की या वीसपैकी १२ जणांची नजर गोरिलावर पडून गेली होती. डोळा गेला, माणूस गेला नाही. मी तिथं असतो तर त्या वीस जणांत असतो, याबद्दल मला शंका नाही. अण्णांना तो दिसला असता, असंही मी म्हणणार नाही. मात्र त्यांनी विचारलं असतं, "त्यांना सांगितलं काय होतं? गाठी हुडका म्हणून ना? मंग माकड कशाला दिसंल?"

वडील वारले त्या वर्षी मी अण्णांच्या मुलाकडं त्या पत्र्याची चौकशी केली होती. गोठ्याच्या छपराला लावला, म्हणाला. बघितला, गळतीच्या जागेवर चपखल बसला होता. मी मागितला नाही.

आता लेण्यांत मंद, थंड दिवे आहेत, चित्रांना इजा न करणारे. चांगलंच आहे. तुम्ही गेलात, तर पहिल्या लेण्यात पद्मपाणीकडं निघालेल्या मंडळींना पुढं जाऊ द्या आणि मंडपात थांबा. हरणांचं मी तुम्हाला सांगून बसलो, तेवढी माफी असावी. पण सोबत लहान मूल असेल तर त्याला ती बोटानं दाखवू नका. दोन्ही हात पाठीमागं धरा. त्यानं "चार" म्हणून उडी मारली तर शाबासकी द्या, बाहेर या, भाकरी खाऊ घाला. डोक्यांचं पुढच्या सुट्टीत विचारा.